शेवटच्या वक्त्यानंतर

श्रावण,

तुझी तेरवी पार पडली. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज देवापुढे दिवा लावून मी देवळाच्या ओट्यावर येऊन बसलो तेव्हा समोरची जागा रिकामी होती. दुकानाचे शटर ओढून तू याच वेळी येत असस. देवाला हात जोडायचास तेही दुरून, पायात चपला तशाच ठेवून. मी दरवेळी म्हणत असे, "आत ये, नीट दर्शन घे." तू म्हणायचास, "इथूनई दिसतो मी त्याले."

गेलेल्या माणसाला हाक मारू नये, त्याच्या पुढच्या वाटेत अडथळा येतो, असे मी कितीतरी शोकाकुल घरांत सांगत आलो. तो उपदेश आज मला स्वतःपुरता बाजूला ठेवावा लागत आहे. आपले एक बोलणे अर्धे राहिले आणि त्याचा उरलेला भाग माझ्या एकट्यावर पडला. मी काय केले ते तुला सांगितल्यावाचून मला स्वस्थता लाभणार नाही.

प्रश्न तुला ठाऊकच आहे. दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई भरेल. तिच्या मंडपात त्या पक्षाच्या वक्त्याला खुर्ची द्यावी की देऊ नये? पक्षाचे नाव मी येथे लिहीत नाही. तुला ते घेण्याची कधी भीती वाटली नाही. मला त्याची जाहिरात करण्याची इच्छा नाही.

आपल्या झाडीपट्टीबाहेरच्या माणसाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवतो. आपल्याकडे भाऊबीज सरली की गावोगाव हा उत्सव उभा राहतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, शिंगाड्यांचे आणि उसाचे ढीग लागतात, बांगड्यांची दुकाने सजतात, दुपारी घुंगरू बांधून नाचगाण्याची दंडार रंगते. आणि दंडारीआधी भाषणे होतात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका रांगेत बसतात, कारण मंडळाचे बोलावणे सगळ्यांना सारखे जाते. तुझ्या वडिलांनी त्यात एक रीत घालून दिली होती. बोलून झाले की वक्त्याने माईक खाली ठेवायचा नाही, आपल्या कार्यकर्त्याकडे सोपवायचा नाही. पुढे जो बोलणार असेल त्याच्यापर्यंत चालत जायचे आणि तो आपल्या हाताने त्याच्या हाती द्यायचा. मग तो कट्टर विरोधक का असेना. लहानपणी त्या देवाणघेवाणीच्या क्षणी लोक सर्वांत जास्त टाळ्या वाजवत, भाषणाला नव्हे. मी माईकला ध्वनिक्षेपक म्हणत असे. तू म्हणायचास, "तुह्या शब्दानं त्याचा आवाज वाढत नाही, पंडत."

प्रशांत पक्षाचे काम घेऊन तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा या ओट्यावर आला तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. तो माझा विद्यार्थी. स्तोत्रे माझ्याकडे शिकला, उच्चार अत्यंत शुद्ध. आता शेतीच्या अवजारांचे दुकान चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे. त्याने पेढे माझ्यापुढे ठेवले, तुझ्याही पाया पडला आणि म्हणाला, "आमच्या पक्षाचा बी एक वक्ता ठेवा ना जी या बारीले."

त्या पक्षाची दोन म्हणणी होती. एक, गाव ज्यांच्या पूर्वजांनी वसवले त्यांनाच गावच्या कारभारात मत. बाकीच्यांनी राहावे, धंदा करावा, पण मत देऊ नये. दुसरे, एकदा सत्ता हाती आली की निवडणुकांचा हा खर्चिक खटाटोप बंद.

"मतदान बंद करणारे मतं मांगून राहिले का बे?" तू विचारलेस.

"एकदाच मांगतो, काकाजी. मंग लोकाईले त्रासच नाही."

"म्हणजे म्हातारपणी बोटाले शाई लावाची कटकट गेली म्हण!"

प्रशांतही हसला. मग तू पेढा तोंडात टाकलास आणि सहज विचारावे तसे विचारलेस, "माह्या पणज्यानं दुसऱ्या मुलखातून इथं हातमाग आणला. मंग मी इथचा की तिथचा?"

"तुमी आमचेच, काकाजी. तुमच्यावर कोण बोट दाखवून राहिलं? पण नियम म्हटला म्हणजे..."

"नियम म्हटला म्हणजे मी राहीन, दुकान राहीन, घरपट्टी भरीन, फकस्त हात वर करणार नाही. असंच ना?"

त्याने पेढ्यांचा पुडा आणखी पुढे सरकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, आमचं राज्य आलं तं तुमच्यासारख्याईचं मत आमी सगळ्याईच्या पह्यले घेऊ."

तो गेल्यावर तू मांडीवर थाप मारलीस. "वा रे पंडत! तुह्यं मत पह्यलं, अन् माह्यं मतच नाही!"

मला हसू आले नाही. तेथूनच आपला वाद सुरू झाला आणि तो तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला.

माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते. या पक्षाला मंडपाचे दार बंद असावे, नाव घेऊन आणि कायमचे. न्यायशास्त्रात चर्चेचे प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद; आणि ज्याला स्वतःचे काही सिद्ध करायचे नसते, समोरच्याचे मोडायचेच असते, त्याच्या बोलण्याला वितंडा म्हणतात. वितंडा करणाऱ्याला सभेत आसन देणे म्हणजे सभा त्याच्या स्वाधीन करणे. मी तुला वर्तमानपत्रे वाचून दाखवीत असे. जगात असे देश आहेत जेथे लोकशाही बुडवू पाहणारा पक्ष न्यायालय बरखास्त करते. कोठे इतर सर्व पक्ष आपसातले वैर विसरून ठरवतात की त्याच्याशी सोयरीक करायची नाही, सत्तेचे गणित कितीही अडो. आणि आपल्याकडे तर घटनेचा पायाच असा घातला आहे की संसदेतल्या मोठ्यात मोठ्या बहुमतालाही त्याला हात लावता येत नाही. ज्या घराला दार आहे त्याला कडीही असलीच पाहिजे, हे शहाण्या देशांनी जाणले आहे. मग आपल्या मंडपालाच कडी का नसावी?

तू सगळे शांतपणे ऐकून घेत असस. मग म्हणायचास, "तूच सांगतं ना, का शास्त्रात आधी समोरच्याचं म्हणणं पुरं मांडा लागते म्हणून? पूर्वपक्ष का काय म्हणते त्याले. मंग आता काहून घाबरून राहिला?"

"पूर्वपक्ष मांडणारा उत्तर ऐकायला थांबतो, श्रावण. हे थांबणार नाहीत."

"न थांबू दे. न थांबले तं लोकाईले दिसन. अन् कडी म्हणतं तं ते लावीन कोण? आज तू लावशीन. उद्या मंडळ प्रशांतच्या हाती गेलं का तेच कडी तो माह्यासाठी लावीन. तयार करून तं तूच ठेवली राहीन."

या उत्तराला मी प्रत्युत्तर दिले, तू त्यालाही दिलेस. ते सगळे येथे लिहीत नाही. पण एक गोष्ट मला त्या काळात नेहमी खुपत असे आणि तुला ती कधी बोलून दाखवली नाही. त्या पक्षाच्या म्हणण्याने माझे काहीच जात नव्हते. जात होते ते तुझे. तरी भिंत मागत होतो मी, आणि दार उघडे ठेवा असे म्हणत होतास तू.

मंडळाचा अध्यक्ष तू; त्या वर्षी मंडळाने तुझे ऐकले. आणि चूक झाली ती अशी की आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होऊच शकली नसती. लांबून आलेल्या पाहुण्याला शेवटी बोलू द्यायचे, हा आपला मान. त्यांचा वक्ता सर्वांत लांबून आलेला. म्हणून आपण त्याला शेवटचे स्थान दिले, शेला पांघरला, श्रीफळ दिले. सगळ्यांनी एकमेकांच्या हाती माईक दिला आणि तो त्याच्यापर्यंत पोहोचला. पुढे कोणी वक्ता नव्हता. शेवटचा माणूस बोलून झाले की माईक मंडळाला परत करतो, हे आपण कधी ठरवलेच नव्हते; ते आजवर आपोआप होत आले होते. तो बोलत राहिला. दंडारवाले घुंगरू बांधून मंडपाबाहेर ताटकळत उभे राहिले. ऊन उतरले, मंडईची दुकाने उठू लागली, तरी तो बोलत होता. तू अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून होतास. त्याने तुमच्या आळीकडे हात करून 'मागाबरोबर आलेले' असे म्हटले आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये तुझ्या दुकानाचे गिऱ्हाईक होते. माझ्या प्रवचनाचे श्रोतेही होते.

परतताना मी रागावलेलो होतो. तू म्हणालास, "आपल्याच पाहुणचारानं आपली रीत बुडवली, पंडत. त्याचा काय दोष? भोक आपण ठेवलं."

"आणि टाळ्या?"

तू चालण्याचा वेग वाढवलास.

संक्रांत आली. आपल्या गावात हळदीकुंकवाची थाळी घरोघर फिरते. त्या वर्षी ती तुमच्या आळीच्या तोंडापर्यंत आली आणि वळली. अनुसयावहिनी तुमच्या दारात पाट मांडून, वाण मांडून बसल्या होत्या. मला हे माझ्या घरातून कळले. तू सांगितले नाहीस. दुसऱ्या दिवशी ओट्यावर आलास तेव्हा तिळाच्या लाडवांचा भरलेला डबा तुझ्या हाती होता. "घरी उरले," एवढेच म्हणालास. मी लाडू घेतला. तू माझ्याकडे पाहत नव्हतास. इतक्या वर्षांच्या संगतीत तेवढी एकच संध्याकाळ आपण काही न बोलता काढली.

तरीही पुढच्या मंडईआधी तू मंडळाला सांगितलेस की बोलावणे सगळ्यांना जाईल. रीत मात्र दुरुस्त केलीस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल, आणि शेवटच्या वक्त्याने माईक दंडारीच्या म्होरक्याच्या हाती द्यायचा. मी तेव्हा चिडून म्हणालो, "तू भोके बुजवत बैस, पाणी काय करायचे ते करील."

त्या वर्षी त्यांच्या वक्त्याच्या मागोमाग सरपंच मंदाताईंची चिठ्ठी निघाली. त्यांच्या माहेरचे लोक वीटभट्टीवर कामाला म्हणून येऊन इथे राहिले आणि इथलेच झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. वक्त्याचे बोलणे संपले. मंदाताई उठून हात पुढे करून उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले, माईक टेबलावर आडवा ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसला. मंदाताईंचा हात तसाच पुढे होता. तू उठलास, माईक उचललास, त्यांच्या हाती दिलास आणि त्याच्यापाशी तोंड नेऊन अगदी रोजच्या आवाजात म्हणालास, "पुढच्या वर्षी याईची खुर्ची नाही. बोला, ताई."

बस, एवढेच. ना निषेध, ना भाषण. त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला तोही तुला सांगायचा राहिला, कारण संध्याकाळी ओट्यावर आपण पुन्हा भांडलो.

"एक वर्ष?" मी म्हणालो. "एकच वर्ष? ज्याने सर्वांसमोर रीत मोडली त्याला?"

"मोडली म्हणून एक वर्ष. नाई मोडली असती तं तेई नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पुसू त्याईले. देता का माईक पुढच्याले? हो म्हटलं तं या. नाई म्हटलं तं आनखी एक वर्ष."

"आणि दरवर्षी हेच विचारत बसायचे?"

"तूई दरवर्षी तेच गणपती बसवतं ना बे?"

गेल्या वर्षी त्यांची खुर्ची नव्हती. त्यांनी शिवेबाहेर तलावाच्या पाळीवर स्वतःचा कर्णा लावला आणि गावातील निम्मी तरुण मंडळी तिकडे गेली. मी म्हणालो, पाहा, त्यांची संख्या वाढते आहे. निदान आपल्या मंडपातून तरी नाही. तू म्हणालास, पाहा, मंडपात असते तर त्यांच्यामागून कोणी उत्तर तरी दिले असते. एकाच घटनेतून आपण दोघांनी आपापले खरे केले. तुझ्या शेवटच्या आजारात मी भेटायला आलो तेव्हा खाटेवरून तू विचारलेस, "वर्स झालं ना रे?" मी म्हणालो, "तुझे झाले असेल. माझे झालेले नाही." आपण दोघेही हसलो. तुला ठसका लागला, वहिनींनी मला डोळ्यांनीच उठायला सांगितले. ते आपले शेवटचे बोलणे ठरेल, हे ठाऊक असते तर मी वेगळे काही बोललो असतो का? मला तसे वाटत नाही. तुलाही ते आवडले नसते.

तुझ्या अस्थी कारध्याला वैनगंगेत सोडल्या त्या दिवशीच, परतीच्या वाटेवर मंडळाच्या लोकांनी मला गाठले. प्रशांतचा अर्ज आलेला होता. अध्यक्ष नाही, वयाने मोठे तुम्हीच, तेव्हा बैठक तुम्ही चालवा आणि शेवटचा शब्द तुमचा. तेरवी झाली की बसायचे ठरले.

बैठक परवा सकाळी देवळाच्या सभामंडपात झाली. एवढ्या लवकर वहिनी घराबाहेर पडल्या याचे काहींना नवल वाटले. त्या खांबापाशी येऊन बसल्या. प्रशांतही आला होता, बाजूला, हातात टोपी घेऊन.

मी विषय मांडण्याआधीच एकजण म्हणाला, "पंडतजी, तुमचं तं पह्यलेपासून म्हणणं हाय. कायमचं बंद. म्हणा तुमी, आमी हात वर करतो." आणि खरोखरच हात वर गेले. भराभर, जवळजवळ सगळे.

श्रावण, मी ज्याच्यासाठी तुझ्याशी इतकी वर्षे भांडलो ते माझ्यापुढे ताटात वाढून आले होते. एक शब्द उच्चारायचा होता. मी त्या हातांकडे पाहिले. पहिल्या वर्षी तुमच्या आळीकडे बोट दाखवले गेले तेव्हा याच हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाही ते असेच भराभर उठले होते. मला राग आला नाही. ही माणसे वाईट नाहीत, तुझ्या आजारात यांनीच आळीपाळीने गाडी काढली. पण मला जाणवले की जी कडी मी लावू पाहतो ती या हातांवर टेकलेली आहे, आणि हे हात ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने वर जातात. तुझे उत्तर मी तेव्हा समजलो असे म्हणत नाही. ते मला त्या क्षणी दिसले.

मी म्हणालो, "ज्यांना यात सोसावे लागले त्यांना आपण अजून विचारलेले नाही. वहिनी, तुमचे मत काय?"

त्यांनी पदर सावरला. "तुमी दोघं वर्सानुवर्सं भांडत होते, अन् मी चहा आणून देत होती. मले आज पह्यल्यांदा पुसलं कोणी."

सभेत थोडे हसू फुटले. त्या हसल्या नाहीत.

"मले इचारान तं माह्या मनात राग हाय. त्याईचं तोंडई पाहू नये असं वाटते. पण माह्या दारापासून थाळी वळली ते काय यानं वळवली का?" त्यांनी प्रशांतकडे हात केला. "ते आपल्याच बायाईनं नेली. इथं बसले हायत त्याईच्या घरच्याईनं. याले बंद करान तुमी. त्याईले कुठं बंद करान?"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. कोणी सांगावे लागले नाही.

मग मी माझा शब्द दिला. तुझा नियम जसाच्या तसा ठेवला नाही. माझेही त्यात काही असावे, एवढा हक्क तू मला देशील असे धरून चाललो. मी म्हणालो, वर्ष झाले आहे, खुर्ची मिळेल. या एका वेळी चिठ्ठ्या नाहीत. त्यांच्या वक्त्यानंतर अनुसयावहिनी बोलतील. वक्त्याने आपल्या हाताने माईक वहिनींच्या हाती द्यायचा आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत खुर्चीत बसायचे. हे आज मान्य असेल तर खुर्ची आहे. मान्य नसेल तर या वर्षी नाही, आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा विचारले जाईल.

"मी? भाषण?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही आत्ता केले तेच."

प्रशांत म्हणाला, "वर पुसून सांगतो, गुरुजी."

काल तो आला. एकटाच. पेढे नव्हते. "नाही म्हणते ते. तत्त्वाचा प्रश्न हाय म्हणते. त्या घरच्याईच्या हाती माईक दिला तं आमची भूमिकाच संपली म्हणते."

"मग या वर्षी खुर्ची नाही. वहिनी मात्र बोलतील," मी म्हणालो.

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमी कायमची बंदी घातली असती तं आमाले बरं झालं असतं. गावभर सांगता आलं असतं का पाहा, बोलू देत नाही म्हणून."

"आणि आता काय सांगाल?"

तो उठला. प्रत्येक वेळी वाकतो तसा या वेळी माझ्या पायांशी वाकला नाही. माझ्याकडे सरळ पाहिले आणि गेला. मला त्याचे वाईट वाटले नाही. आजवर तो माझ्या पाया पडायचा, पण माझ्याशी कधी बोललाच नव्हता. काल पहिल्यांदा बोलला.

हा तुझा विजय आहे असे मी म्हणणार नाही. गावात त्यांचे लोक वाढत आहेत. पुढे पंचायतच त्यांच्या हाती गेली तर आपल्या माईकच्या रीतीने काय होणार, मला ठाऊक नाही. तेव्हा न्यायालय लागेल, घटना लागेल, आणि ज्या मोठ्या कड्यांविषयी मी तुला वाचून दाखवीत असे त्या सगळ्या लागतील. त्या असाव्यात हे माझे मत बदललेले नाही. येत्या संक्रांतीला थाळी तुमच्या आळीत शिरेल की नाही, हेही मला सांगता येत नाही. परवा सभेतून उठताना दोन बायका वहिनींबरोबर घरापर्यंत गेल्या, एवढे पाहिले.

पण एक मान्य करतो. मला एकदाच लावून निश्चिंत व्हावे अशी कडी हवी होती. मी रोज पहाटे उठून संध्या करतो. कालची केली म्हणून आजची सुटत नाही, आणि आजवर मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. नित्यकर्म म्हणजे काय हे मी जन्मभर लोकांना समजावून सांगितले. मग गावाचा मंडप राखायचा तर दरवर्षी तोच प्रश्न तितक्याच गंभीरपणे विचारावा लागेल, याचा मला एवढा कंटाळा का यावा? तुला तो कधी आला नाही. तू देवळात आत आला नाहीस, पण तुझे अनुष्ठान माझ्यापेक्षा अवघड होते. हे तुला समोर बसवून सांगायला हवे होते. तू थट्टेवारी नेले असतेस. तरी सांगायला हवे होते.

आज दुपारी वहिनींकडे गेलो होतो. मंडईत काय बोलायचे याची त्यांना काळजी लागली असेल म्हणून म्हणालो, एखादे सुभाषित सांगू का, सुरुवातीला बरे वाटेल. त्या सुपातले तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. मी माह्या नावापासून सुरू करीन. अनुसया, राहणार इथचीच."